रिकाम्या हॉलचा सीन

शनिवार, १४ मे १९९४. सकाळी धुकं, मग स्वच्छ ऊन. बेकरीच्या काचेवर कागद: दुपारी हॉलमध्ये कादंबरीवाचन, लेखक बाहेरगावचे. अंड्याची सँडविचेस केली, कडा कापून. हॉल भरला.

हॉल भरायला नको होता. तो कागद सिनेमावाल्यांनी आदल्या दिवशी रस्त्यावरच्या सीनसाठी चिकटवला होता आणि काढायचा राहून गेला होता. सिनेमा होता लेखक व्हायला निघालेल्या एका माणसाच्या फजितीचा, मित्रांकडून पैसे मागून काढलेला. त्याच्या वाचनाला कुत्रंही फिरकत नाही, एवढाच आजचा सीन. पण आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या यॉर्क द्वीपकल्पावर हॉलमध्ये कुणी उभं राहणार असेल, तर घरटी खाण्याचं एक ताट घेऊन जायचं आणि खुर्च्या भरायच्या.

दिग्दर्शिका इमोजेन, कोवळी पोर, रडकुंडीला आली. "मिसेस ट्रेंबाथ, हा रिकाम्या हॉलचा सीन आहे हो."

"म्हणून तर आलो," डॉट ट्रेंबाथ म्हणाली. "रिकामा राहिला असता तर गावाची काय शोभा?"

"वाचा की आता," मागून म्हातारा पर्स ओरडला. लेखकाचं काम करणाऱ्या नटानं पुस्तक उघडून दाखवलं. आत नुसती कोरी पानं.

"मग छापलं कशाला?" पर्सनं विचारलं.

डॉटनं चहाच्या पिंपाकडे मान वळवली. तिथे तिचा मेहुणा उभा होता, क्लॅरी नॅनकर्विस. जन्मभर मेंढ्या कातरल्या, आता हॉलची किल्ली सांभाळायचा. बायको गेल्यापासून एका बुडत्या जहाजाची शोकांतिका लिहीत होता. शहरातून ती दर वेळी साभार परत यायची. यंदाच्या थंडीत चुलीत घालायची, पण त्याआधी एकदा कुणीतरी ऐकावी, असं तो डॉटला म्हणाला होता.

"क्लॅरी, तुझी काढ बाहेर."

"भलतंच काय, डॉट."

"कपांच्या कपाटात आहे. मी आणू का तू आणतोस?"

क्लॅरीनं आणली. कप्तानाच्या मृत्यूचं प्रकरण त्यानं निवडलं. कप्तान छातीवर हात ठेवून भाषण करतो, मरतो, बायकोचं नाव आठवून डोळे उघडतो, पुन्हा भाषण करतो. दुसऱ्यांदा मेला तेव्हा डॉटनं रुमाल तोंडात कोंबला. तिसऱ्यांदा उठला आणि सगळा हॉल हसत सुटला.

क्लॅरी थांबला. कान लाल झाले. त्यानं पानं मिटायला घेतली.

"ए, थांबतोस कसला?" डोळे पुशीत पर्स म्हणाला. "मेलाय कुठे अजून तो?"

क्लॅरीनं पानाकडे पाहिलं. कप्तान खरंच मेला नव्हता. आणखी दीड पान बोलणार होता. क्लॅरीलाच हसू फुटलं, आणि पुढचं भाषण त्यानं हसत, मधेमधे चष्मा पुसत, वाचलं. नट पहिल्या रांगेत सँडविच खात हसून लोळायचा बाकी होता.

"चूल पेटवू ना मग?" शेवटी क्लॅरीनं विचारलं.

"आधी जहाज तरी बुडव," पर्स म्हणाला. "पुढल्या शनिवारी. मी केक आणतो."

इमोजेननं कॅमेरा एकदाही बंद केला नव्हता. "माझ्या लेखकाला आता ऐकणाऱ्यांच्या खुर्चीतच बसवते," ती म्हणाली. "रिकामा हॉल गेला खड्ड्यात."

माझ्या रोजनिशीतली संध्याकाळची नोंद: टेबलक्लॉथवर बीटाचा डाग. मिठाच्या पाण्यात भिजत घातला.