मुमताजकडे राहिलेला तांब्या

मुमताज गेल्याचं तिच्या मुलानं दौंडहून फोनवर कळवलं, तेव्हा मी चकलीच्या सोऱ्याशी झटापट करत होते. "मावशी, अम्मी सकाळी गेल्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. तांब्या घेऊन जा म्हणाल्या." मला आधी हसूच फुटलं. बाईनं जाता जाताही चिमटा काढला होता. मग सोऱ्या बाजूला ठेवला आणि ओट्याला टेकून तिथंच खाली बसले... त्याला आता महिना होत आला.

तांब्याची गोष्ट पानशेतचं धरण फुटायच्या आधीच्या उन्हाळ्यातली. आम्ही पुण्यात बी.ए.ला एका वर्गात होतो. मुमताज शिरूरच्या मणियारांची, आई गावोगाव फिरून बांगड्या भरणारी. चेहऱ्यावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण आणि जिभेला धार. सरांनी आम्हा दोघींना सुट्टीत शिरूर तालुक्यात पाठवलं. सरकारी औषधपाणी गावात कुणापर्यंत पोचतं, कुणापर्यंत नाही आणि का, हे घरोघर विचारून लिहायचं. राहायचं मुमताजच्या घरी. मी निघाले ती परीटघडीचं पातळ, डोळ्यांना काळा चष्मा आणि हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेऊन. घरून पाणी भरून. म्हणजे विषमतेचा अभ्यास करायला निघालेली ही विदुषी, आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांच्या माठातलं पाणी तिला चालणार नव्हतं. मुमताजच्या अम्मीनं तांब्या निरखून पाहिला. "छान हाय. पर बेटी, रिकामा झाल्यावर भरायचा कुठं?" दुपारीच रिकामा झाला. संध्याकाळी मी मुकाट्यानं माठाजवळ गेले, तर मुमताज आधीच ओगराळं घेऊन उभी.

केंदूरच्या पलीकडच्या एका वाडीत आम्ही गेलो, ते देवी टोचणारा सरकारी माणूस आला होता त्याच दिवशी. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. तो देवळापुढच्या पारावर बसला होता. शेजारी बर्फात ठेवलेल्या लशीचा थर्मास. बर्फ विरघळला की लस वाया, म्हणून त्याची सारखी घाई. गावचे आबा पाटील म्हणाले, "ओढ्यापल्याडची माणसं काय टोचून घ्यायला येत न्हाईत. अडाणी हायती." मी ते वाक्य तत्परतेनं उतरवून घेतलं, वर मान डोलावली.

मग आम्ही ओढा ओलांडला. पहिल्याच घराच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. "पाडव्याचा अजून काढला नाही वाटतं," असं म्हणत मी उंबऱ्यावर पाऊल टाकलं, तोच मुमताजनं पदर धरून मागं ओढलं. पातळ टरकलं. "पाडवा होऊन महिना झाला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हा पाला हिरवा आहे. अम्मी असा डहाळा दिसला की त्या दारात बांगड्यांची पेटी खाली ठेवत नाही. घरात देवी आल्यात."

दारात एक तरणी बाई आली, सोना नाव. कडेवर तान्हं. आत अंधारात थोरली पोर पडली होती, तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मुमताजनं एवढंच विचारलं, "ह्याला टोचलंय का?" सोना म्हणाली, "कुठं टोचायचं? पारावर चढू देत्यात व्हय आमास्नी?"

माझ्या वहीतलं ते पाटलांचं वाक्य मला तेव्हा टोचायला लागलं... मुमताज मात्र वाट चालू लागली होती. पारापाशी जाऊन ती देवीडॉक्टरला म्हणाली, "ओढ्यापलीकडे चला. एका घरात देवी आल्यात, तान्हं मूल आहे." त्यानं पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "डॉक्टर हितं बसत्यात. ज्याला पायजे त्यानं हितं यावं."

"कुठवर यावं, आबा? पायरीवर का पायरीच्या खाली?"

पाटलांनी तिला नीट न्याहाळलं. "तू शिरूरच्या मणियारणीची न्हवं? आईला इचार, ह्या वाडीत परत बांगड्या विकायच्यात का न्हाई."

मुमताजचा चेहरा उतरला. तिच्या शिक्षणाला त्या बांगड्यांचाच आधार होता. मला वाटलं, आता ही माघार घेणार, आणि खरं सांगायचं तर मी सावलीकडे सरकायलाही लागले होते. तिनं वाकून थर्मास उचलला, छातीशी धरला आणि चालायला लागली. लसच निघाली म्हटल्यावर देवीडॉक्टर काय करतो? "ओ बाई, ओ बाई," करत तो मागं, त्याच्या मागं फाटक्या पातळाचा घोळ सावरत मी.

सोना हात पुढे करीना. घरात देवीआई आलेली असताना टोचलं तर कोप होईल, म्हणाली. तसा कोप झालाच, तर वाडी त्याचा दोष मुमताजलाच देणार हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मुमताज तिच्यासमोर जमिनीवर बसली. "माझ्याकडं बघ," म्हणाली. "मला कुणी टोचलं नव्हतं." मग सोनाचा हात हातात घेतला, अम्मी घेते तसा, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून, पंजा कळीसारखा मिटवून. बांगड्या भरायला बसल्यासारखा तो हात सैल पडला. "आधी तुझा. मग तू सांगशील तर त्याचा." सोनानं टोचून घेतलं. बराच वेळ दंडाकडं बघत राहिली. मग तिनंच बाळाचं झबलं वर केलं.

वाडीत परत जायची सोय उरली नव्हती, म्हणून पुढचे दिवस आम्ही शिरूरच्या बाजारात ओढ्यापलीकडचं माणूस शोधत काढले. कुणी दिसेना. मुमताजचं जेवणावरून लक्ष उडालं. "मी ते मूल मारलं तर?" असं तिनं एकदाच विचारलं. आंबे संपत आले तेव्हा एका बाजारी सोना दिसली. थोरलीच्या तोंडावर वण, पण पोर चालत होती. कडेवरचं तान्हं खपली पडून गेलेला दंड घेऊन मुठीनं गूळ चोखत होतं. मुमताजनं भर बाजारात त्याला उचलून आपल्या कडेवर घेतलं. पाटलांनी शब्द पाळला, वाडी अम्मीला बंद झाली. पण वाडीच्या बायका बाजारात येऊन बांगड्या भरू लागल्या. "पाय वाचलं माझं," अम्मी म्हणाली.

अहवाल लिहिताना माझ्या वहीतलं ते 'अडाणी' मुमताजनं खोडलं आणि तिथं लिहिलं, 'टोचणारा ओढा ओलांडत नाही.' सरांनी विचारलं, हे वाक्य कुणाचं? मी छाती काढून म्हणाले, "दोघींचं." मुमताजनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पुढे लग्न होऊन ती दौंडला गेली, रेल्वेच्या शाळेत शिकवत राहिली. घाईत शिरूरला राहून गेलेला माझा तांब्याही तिच्यासोबत दौंडला गेला. मी कधीही गेले की आधी तो बाहेर निघायचा. "पुणेकरीण आली. तिचं पाणी वेगळं असतं."

परवा दौंडला गेले. तिची खोली आवरून ठेवलेली. फळीवर तांब्या, घासून लख्ख. सुनेनं तो आपल्या माठातून भरून दिला. मी फिरकी काढली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. ती म्हणाली, "मावशी, पिशवीत घालून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "भर परत. आणि असू दे इथंच."