मानगूट धरून दाखवलेलं गाव

काका कुठलीही गोष्ट बोटाने दाखवत नसत. मागून येऊन मानगूट धरायची आणि डोकं त्या दिशेला वळवायचं, ही त्यांची पद्धत. "थय बघ! नीट बघ!" आमच्या नाहूरच्या चाळीत त्यांनी मला डोंगरावर पेटलेला वणवा दाखवला, गटारात शिरलेली धामण दाखवली आणि एकदा समोरच्या पत्र्यावर बसलेलं घुबड दाखवलं. घुबड मला दिसलंच नाही. तरी "दिसलं, दिसलं" म्हणालो, कारण मानेची काळजी होती.

असा माणूस तुमच्याही शेजारी राहिला असेल. त्याचा राग आणि त्याची माया एकाच हातातून येते, आणि पाठीवर बसेपर्यंत यातलं काय येतंय ते कळत नाही.

काका मूळचे सिंधुदुर्गातले. गिरणी सुटल्यावर एका कारखान्यात भट्टीवर लागले होते. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. मूलबाळ नव्हतं. आमच्या मजल्यावर एकजण दारू पिऊन बायकोला मारायचा. एका संध्याकाळी काकांनी त्याला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं, अंगणात तुडवला, वर आले आणि काकूंना म्हणाले, "चाय ठेव गो." काकू म्हणाल्या, "आधी हात धुवा. रक्त आहे." त्यांच्या घरात हे इतकं सहज बोललं जाई.

मी कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिला. प्रवेश मिळाल्याचं सांगायला गेलो, तेव्हा काकांनी पाठीत असा धपका घातला की मी दारावर आपटलो. त्यानंतर माझं नाव "कालेजवाल्या" झालं.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपली. मे महिना होता. काकांनी विचारलं, "काय रे कालेजवाल्या, गावी नाय गेलंस?"

"आमच्या गावी बघायला काय आहे, काका? टँकर येतो, तो बघायचा."

त्यांनी मूठ चौकटीवर आदळली. "मग माझ्या गावाक चल! असा गाव दाखवतंय की मुंबई इसरशील!"

माझे वडील फार बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. तिथे चालेल ना?"

काकांचा चेहरा तांबडा झाला. "माझ्या पावण्याक कोण नाय म्हणता, ता बघतंय मी!"

त्यांचं गाव तालुक्याचं. लाल माती, नारळी, खाडी. पहिल्या दिवशी भर उन्हात त्यांनी मला पडक्या किल्ल्याच्या बुरुजावर चढवलं आणि मानगूट धरून समुद्राकडे वाकवलं. "हयसून गनिमाक खाली ढकलीत!" मला वाटलं, आता मलाही ढकलतात. खाडीत त्यांनी हाताने कुर्ली पकडली. तिने नांगीने त्यांचं बोट धरलं. काकांनी नांगी उपटली, रक्त चोखलं आणि हसत म्हणाले, "झकास ना?" काजूचा चीक लागून माझा ओठ सोलला, तर म्हणाले, "आता तू कोकणी झालंस." खरं सांगतो, मी इतका आनंदात कधी नव्हतो.

वाटेत भेटेल त्याला ते माझं पूर्ण नाव सांगत, आडनावासकट. "बी. ए. करता! आमच्या चाळीतलो!" गावाकडे आडनावावरून जात कळते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपल्या पाहुण्याचं नाव ऐकून कुणी तसला विचार करेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बावीवर गेलो. बाव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. गावातली पोरं तिथेच पोहायला शिकत. काकांनी दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ एकत्र बांधून माझ्या पाठीला लावले आणि काही कळायच्या आत मला ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो तर काका ओरडत होते, "पाय मार! मेल्या, पाय मार!"

मी पाय मारत होतो, तेवढ्यात पाठीवर दगड बसला. वर चारपाच माणसं उभी होती. पुढे काकांचा धाकटा भाऊ, हातात काठी. "भायर काढ त्येका! बाव बाटयलंस!"

मी पायरी धरून वर यायला लागलो, तर भावाने काठी माझ्या बोटांवर हाणली. दुसऱ्यांदा उगारलेली काठी काकांनी हवेतच धरली. मग जे झालं ते मी पायरीवर बसून पाहिलं. काकांनी भावाला कठड्यावर आपटलं. भावाचे पुढचे दात पडले. मागून कुणीतरी काकांच्या डोक्यात दांडा घातला. तरी काका उठले आणि पुन्हा भिडले. दोन सख्खे भाऊ एकमेकांना आयशीवरून शिव्या देत होते. आई एकच होती, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

गावकऱ्यांनी ठरवलं की काकांनी उद्या देवळात गाऱ्हाणं घालून चूक कबूल करायची, नाहीतर गाव तुटलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने म्हणायचं मागणं. एकाने वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

निवृत्तीनंतर याच गावात राहायचं, म्हणून काकांनी जांभ्याचे चार चिरे रचून जोतंही घातलं होतं. सकाळी डोक्याला पंचा बांधून ते देवळात गेले. मी आवाराच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा! काल माझो पावणो बावीत उतरलो."

"व्हय म्हाराजा!"

"माझी चूक झाली."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज मोठा होता. भाऊही म्हणाला, सुजलेल्या तोंडाने.

"ह्या गावाक मी माणसांचो गाव समाजलंय, ही माझी चूक!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण माझ्या पावण्याक पाणी नाकारता, त्येची बाव आटान जांव दे!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय. अर्धा गाव ओरडला आणि मग आपण काय म्हटलं ते कळून गप्प झाला. एक म्हातारी "अगो बाय माझ्या!" म्हणाली. त्यानंतर सगळे काकांवर तुटून पडले. मी गडग्यावरून उडी मारली, माझ्याही बरगडीत लाथ बसली. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा काकांचा सदरा फाटून एका बाहीवर लोंबत होता. कंडक्टर म्हणाला, "काय हो, अपघात?" काका म्हणाले, "नाय. गाव बघूक इलेलो."

त्यानंतर ते गावी गेले नाहीत. मे महिन्यात चाळ रिकामी व्हायची आणि काका गॅलरीत बसून असायचे. भावाने जोत्याचे चिरे उचलून गोठ्याला लावल्याचं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरातला आरसा फोडला, पण गावाबद्दल शब्द काढला नाही.

मी बी. ए. झालो त्या वर्षी भट्टीवर अपघात झाला आणि काका गेले. भाऊ मुंबईला आला. पुढचे दात नसल्याने त्याच्या शब्दांतून हवा जात होती. खांदा देताना तो माझ्या पुढेच होता. दुसऱ्या दिवशी काकूंना म्हणाला, "वयनी, राख दी. गावच्या खाडीत सोडतंय."

काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ने. पण हा सोबत येणार. आधी सगळ्यांदेखत बावीत उतरणार, मग राख."

भाऊ म्हणाला, "वयनी, माका थय गावात रवाचा आसा."

"मग रव," काकू म्हणाल्या. "ते हयच रवतील."

राख घेऊन काकू आणि मी माहुलच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती. दूरवर चिखल आणि पुढे तेलाचा तवंग आलेलं पाणी. मागे कारखान्याच्या चिमणीवर ज्वाळा जळत होती. काकूंनी मडकं माझ्या हातात दिलं. "जा पुढे. पोहता येतं ना तुला?"

"नाही काकू. शिकायचं राहिलं."

त्यांनी पदर खोचला आणि माझ्यामागोमाग चिखलात उतरल्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी मागून माझा शर्ट मुठीत घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आता सोड."