शमुवेल अण्णांचा सुभेदार

शमुवेल अण्णा साबळे मोबाइल चार्जिंगला लावायच्या आधीसुद्धा प्रार्थना करत. जेवणाआधी करतात ते मी समजू शकते, आम्हीही करतो. पण हे गृहस्थ कुलूप उघडताना, एसटीत चढताना, पेनात रिफिल घालतानाही डोळे मिटून उभे राहत. एकदा आमच्या विश्रामबागेतल्या घरी चहाच्या कपावर हात धरून इतका वेळ पुटपुटत बसले की चहावर साय धरली. मग ती साय बोटाने काढून त्यांनी बशीच्या कडेला पुसली आणि चहा गार झाला म्हणून माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिलं. गेल्या वर्षी ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण ते हयात असताना मी कधी त्यांच्याबद्दल चांगलं बोलले नाही, मग आता सोंग कशाला करू?

साताऱ्याजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि पूर्णवेळ धार्मिक झाले. साताऱ्यातल्या आमच्या मंडळीचे ते वडील होते. वडील म्हणजे चर्चचे पंच म्हणा. पाळकांच्या खालोखाल त्यांचा शब्द. कुणाचं लग्न मोडो, कुणाची म्हैस आटो, अण्णांचं उत्तर ठरलेलं, "प्रभूची येवजना हाय ती." माझा पाय मोडला तेव्हाही तेच. मी विचारलं, प्रभूला माझ्या पायाशी काय करायचं होतं? तर म्हणाले, "त्ये आता न्हाई कळायचं, वैनी. मागनं कळंल." मागूनही काही कळलं नाही. हवा बदलली की पाय दुखतो, एवढंच.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या पाळकबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीने, मोबाइलवर कुठेतरी महिन्यात कादंबरी पुरी करायचं आव्हान पाहिलं आणि सातारा-सांगलीच्या मंडळ्यांसाठी तसंच एक काढलं. रोज लिहायचं, किती लिहिलं ते ग्रुपवर टाकायचं आणि महिनाअखेरीला साताऱ्याच्या चर्चच्या हॉलमध्ये जमून प्रत्येकाने आपला शेवटचा अध्याय वाचायचा. चांगल्या कादंबऱ्या मंडळी छापणार होती. आशय ख्रिस्ती हवा, ही अट. मी जन्मभर सांगलीच्या शाळेत मराठी शिकवलं, म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला उत्साह असा की विचारू नका. आठवड्याभरात एकाची बोटं दुखायला लागली, एकीच्या घरी पाहुणे आले, एकाचा ऊस तोडणीला आला. अण्णा मात्र रोज सकाळी हात जोडल्याचं चित्र टाकून पानांचा हिशेब देत. चिकाटीला मी नावं ठेवत नाही. गोचिडालाही चिकाटी असते.

कादंबरीचं नाव मी इथे लिहीत नाही, बिचाऱ्या कागदाची दया येते. पहिल्या अध्यायात दारू पिऊन बायकोला बडवणारा माणूस तिसऱ्या अध्यायात बायबल काखेत मारून फिरायचा. उसाची ट्रॉली उलटायची आणि नेमका नास्तिक तेवढा वाचायचा, तोही पुढच्या पानावर बाप्तिस्मा घेण्यापुरता. खाष्ट सासूला कावीळ व्हायची, प्रार्थनेने उतरायची, आणि सासू उठून सुनेला चहा करून द्यायची. गावात कुणी शिल्लक राहिलं नाही. एक म्हैस तेवढी बाप्तिस्म्यावाचून होती. आणि झाडून सगळे शेवटी उभे राहून साक्ष द्यायचे. आमच्यात साक्ष म्हणजे मंडळीपुढे उभं राहून मी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं ते सांगणं. रविवारी एक साक्ष ऐकताना मी घड्याळाकडे बघते, इथे तर कादंबरीभर तेच.

मी फोन करून स्पष्ट सांगितलं. ख्रिस्त गोष्टीत असू द्या, माझी ना नाही, पण आमटीत मीठ असतं तसा असू द्या. तुम्ही खडा तसाच ताटात ठेवता. अण्णांना राग म्हणून येत नसे, तेही माझ्या डोक्यात जायचं. शांतपणे म्हणाले, "वैनी, वाचणारा जसा आला तसाच उठून गेला, तर म्या लिव्हलं कशाला?" मी म्हटलं, निदान एकाला तरी जसा आहे तसा जाऊ द्या. त्यावर हसले आणि एकाही जिवाला मागे सोडायचं आपल्याला जमत नाही म्हणाले. मी फोन ठेवला आणि त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसले.

मग शेवटचा अध्याय आला. त्यात एक निवृत्त सुभेदार होता. चर्चचं तोंड न बघणारा, सांगलीच्या दवाखान्यात छातीच्या आजाराने पडलेला, उजव्या भुवईवर जखमेची खूण असलेला. एक मित्र भेटायला येतो, सुभेदार त्याचा हात धरून रडतो, प्रभूचा स्वीकार करतो, आणि कृष्णेवरचं आभाळ उघडून देवदूत खाली येतात. देवदूतांपर्यंत पोचायच्या आधीच मी चष्मा काढून ठेवला होता. तो सुभेदार माझा नवरा होता.

दाविद फौजेतून आला तो चर्चला जायचा बंदच झाला. देवाशी माझं भांडण नाही, त्याच्या वतीने बोलणाऱ्यांशी आहे, असं म्हणायचा. मंडळीने शेवटी सभासदांच्या यादीतून त्याचं नाव कमी केलं तेव्हा या बाबाने पेढे आणून खाल्ले. दवाखान्यातही मला बजावलं होतं की माझ्या उशाशी कुणाला पढवायला आणू नकोस. शेवटच्या दुपारी मी घरी अंघोळीला गेले होते, तेवढ्यात अण्णा साताऱ्याहून भेटायला आले. दोघे एकाच शाळेतले. डोळा लागला म्हणून मी अंधार पडल्यावर परतले, तेव्हा अण्णा निघून गेले होते आणि दाविदला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तो गेला.

साताऱ्याच्या दफनभूमीत त्याला त्याच्या वडिलांशेजारी ठेवायचं होतं, आणि पाळक अडून बसले. नाव यादीत नाही, माणूस विश्वासात नाही, मंडळीची जागा कशी द्यायची? मढं अंगणात. तेव्हा अण्णा सगळ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली की काल दुपारी दाविदने माझा हात धरून प्रभूचा स्वीकार केला. पाळक विरघळले. घंटा वाजली, गीतं झाली, माती झाली. मी माझ्या नवऱ्याला ओळखत होते, त्याने असलं काही केलेलं नव्हतं. पण मी तिथे नव्हते, आणि त्या वेळी भांडायचं त्राणही नव्हतं. त्या दिवसापासून या माणसाची मला शिसारी बसली. जिवंतपणी जो हाती लागला नाही, त्याला यांनी मेल्यावर धरलं.

पुढेही मी गप्प राहिले ते सासूबाईंसाठी. नव्वदीच्या घरात आलेली बाई, साताऱ्यात माझ्या नणंदेकडे असते. त्या साक्षीवरच ती जगत होती म्हणा ना. आल्यागेल्याला सांगायची, "माजा दाविद तिकडं हाय. शमुवेलनं सोता बगितलंय." त्यावर मी काय बोलणार? पण तोंडाने बोललेलं हवेत जातं. हे आता छापून घरोघर जाणार होतं. म्हणून वाचनाच्या आदल्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी अण्णांच्या दारात उभी राहिले.

त्या दुपारी काय झालं ते सांगा, नाहीतर तो अध्याय काढा, असं मी सरळ म्हटलं. अण्णांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"काढला तर कादंबरी पुरी हुत न्हाई, वैनी. उद्या वाचायचीय."

"नाही झाली तर नाही झाली. कुणाचं काही अडलेलं नाही."

"आन मावशी?" दाविदच्या आईला ते लहानपणापासून मावशी म्हणत. "त्यास्नी काय सांगू मग?"

माझ्या अंगाची आग होत होती. मी म्हटलं, मला माझा नवरा परत द्या, जसा होता तसा. अण्णांनी या खेपेला प्रभूची योजना काढली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मला दुसरा शेवट येत न्हाई." येत नसेल तर आव्हान सोडून द्या, असं सुनावून मी चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कादंबरी पुरी केलेले मोजकेच लोक होते, बाकीचे टाळ्या वाजवायला आणि वडापाव खायला आलेले. सासूबाईंना नणंदेने पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. शमुवेलची कादंबरी म्हणून नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी दाराजवळची खुर्ची धरली. सुभेदाराने हात जोडले की उठून चालू पडायचं, असं ठरवलं होतं. अण्णांची पाळी आली. ते उभे राहिले आणि डोळे न मिटता वाचायला लागले.

मित्र दवाखान्यात येतो, पिशवीतून बायबल काढतो. सुभेदार म्हणतो, ते आत ठेव, खाली पानाच्या टपरीवर पत्त्यांचा कॅट मिळतो, तो आण. इथे हॉलमध्ये चुळबूळ झाली, कारण सभांमधून लोकांच्या घरचे कॅट गोळा करून जाळायला लावणारे ते हेच अण्णा. त्यांची स्वतःची साक्षही पत्त्यांवरूनच सुरू व्हायची. कारखान्याच्या कँटीनमध्ये रमीत आपला हात कुणी धरत नव्हतं, प्रभूने त्यातून सोडवलं, हे साताऱ्यात लहान पोरांनाही पाठ होतं. तर तो मित्र खाली जातो, कॅट आणतो आणि दोघे पलंगावरच्या चादरीवर रमी खेळत बसतात. प्रार्थना होत नाही. सुभेदार खोकतो, हसतो, मित्राची पानं चोरून बघतो. निघताना म्हणतो, परत ये रं. मित्र म्हणतो, येतो. संपला अध्याय. आभाळ नाही, देवदूत नाहीत. दाविद जसाच्या तसा पलंगावर बसला होता. उठून चालू पडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही आणि त्याचाही राग आला.

अण्णांनी कागद घडी करून खिशात घातला.

"ही गोष्ट न्हाई," ते म्हणाले. "आसंच झालं. दाविदच्या मातीला म्या खोटी साक्ष दिली. त्येला बापाशेजारी जागा पायजे व्हती."

पुढे मंडळीने त्यांचं वडीलपण काढून घेतलं, कादंबरी छापायचं रद्द झालं, आणि हा माणूस उपासनेला मागच्या बाकावर बसायला लागला. पण ते नंतर. त्या वेळी पाळकांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता आणि सगळा हॉल सासूबाईंकडे बघत होता. खरं मला हवं होतं, पण त्याची किंमत ती म्हातारी देणार होती, आणि हे मला आदल्या दिवशीही माहीत होतं.

सासूबाईंनी हात करून अण्णांना बोलावलं. ते त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवे बसले.

"लय येळ खेळलासा?" त्यांनी विचारलं.

"व्हय मावशी. दिवं लागंपतूर."

"हसला का त्यो?"

"लय हसला."

सासूबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "डाव कुणी जिकला?"

अण्णांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. "दाविदनं," ते म्हणाले. "समदं डाव दाविदनंच जिकलं."

"मग बरं झालं," असं म्हणून सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

दाविद रमीत माझ्याकडूनसुद्धा हरायचा. त्यानंतर अण्णा चांगली दोन वर्षं होते, विश्रामबागेत येऊन पुन्हा चहा गार करून प्यायले. मी विचारू शकले असते. विचारलं नाही.