कार्बोनिलचा खड्डा

साकोली-तुमसर एसटी इतकी हलायची की साकोलीत दूध घेऊन चढलेला माणूस तुमसरला लोणी घेऊन उतरे. एका संध्याकाळी त्या गाडीत कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे एक सर शेजारी बसले. नाव मी विचारलं नाही. त्यांच्या मांडीवर झेरॉक्सचे कागद, प्रत्येकावर एकच वेडीवाकडी रेघ. मी एक उचलला नि म्हणालो, "वा, काय डोंगर आहेत!"

"उलटा धरला जी तुम्ही." त्यांनी कागद हळूच फिरवला. "आमचे पोट्टेही असाच धरतात. हा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम. रेणूतला प्रत्येक बंध आपल्यापुरता प्रकाश खाते, तिथं खड्डा पडते. हा मधातला खोल खड्डा कार्बोनिलचा, म्हंजे कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचा."

"हे काढणारी मशीन लय मोठी असंल?"

"फोटोत तं लहानच दिसते." ते पेनाचं टोपण काढत, लावत राहिले. "आज वर्गात कोणीच नव्हतं. तरी फळ्यावर पूर्ण काढला, समजावला, मंग पुसला."

मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "सांगा, यात कार्बोनिल कुठं?"

मी केमिस्ट्रीत असा नापास व्हायचो की शेजारी बसणारेही नापास होत. पण त्यांनी शिकवलंच असं होतं की उत्तर मला लख्ख दिसत होतं. तुमसर अजून तासभर लांब होतं. मी मुद्दाम भलत्याच खड्ड्यावर बोट ठेवलं.

"नाही जी," सर सरसावून बसले, "चला, पहिल्यापासून पाहू."