दाजींचा सर्व्हर आणि अक्काच्या शेळ्या

सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी, या एका प्रश्नावर आमच्या दाजींनी जेवढा विचार केलाय तेवढा जगात कुणी केला नसेल. आणि एवढा विचार करून दर दोन महिन्यांनी निर्णय बदलणारा दुसरा माणूस तर शोधूनही सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ईट नावाच्या गावी राहतात. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि दाजींनी भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मागून घेतला. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत त्याच कॉम्प्युटरवर त्यांची वेबसाइट चालते. वेबसाइटवर आहेत अक्काच्या नऊ शेळ्या.

त्याचं असं झालं, की लेकीला जुळं झालं आणि अक्का ‘दोन महिन्यांत येते’ म्हणून पुण्याला गेली. त्याला आता तीन वर्षं झाली. निघताना तिनं नवऱ्याबद्दल काही सांगितलं नाही, शेळ्यांबद्दल मात्र बजावलं, “एकेकीचं तोंड मला रोज दिसलं पायजे.” फॅमिली ग्रुपवर फोटो टाका म्हटलं, तर दाजी म्हणाले, “न्हाय. तिथं सकाळच्या फुलांच्या गर्दीत शेळी हरवती.” झाली वेबसाइट. प्रत्येक शेळीचं वेगळं पान, रोजचा ताजा फोटो, खाली आईचं नाव, आजीचं नाव, किती वेळा व्याली आणि स्वभाव. ‘बिजली : समजूतदार, पण पाहुण्यांची टोपी खाते’ हे तिथंच वाचायला मिळतं. ती टोपी माझी होती.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे सल्ल्याचा मान माझा. पण सरळ ऐकतील ते दाजी कसले! बाजारात शेळी पारखावी तशी ते ऑपरेटिंग सिस्टिम पारखतात. विंडोज पहिल्याच दिवशी बाद झाली. “हिला परवाना लागतो म्हणं. दावणीच्या जनावराला कुणी परवाना मागतंय व्हय?” मग मी लिनक्सचं नाव काढलं, तर पहिला प्रश्न, “हिची आई कोण?” उबुंटू ही लिनक्सची एक जात, डेबियन या जुन्या जातीपासून निघालेली, असं मी सहज बोलून गेलो आणि फसलो. दाजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या लिनक्सची वंशावळ काढली आणि शेळ्यांच्या वंशावळीशेजारी गोठ्याच्या दारावर चिकटवली. सर्व्हरचा तो नुसता काळा पडदा बघून तर ते खूशच झाले. “रंग अस्सल हाय. आपल्याकडची शेळी अशीच काळीभोर असती.” इतकी पारख करून एखादी बसवायची, आणि दोन महिन्यांत पुसून दुसरी आणायची. कारण विचारलं तर, “मन न्हाय बसलं, पाव्हणं.” वंशावळीत प्रत्येक नावाखाली ते काहीतरी टिपून ठेवायचे : अर्धा तास, पाऊण तास, एकीखाली तर सव्वा तास. बसवायला लागलेला वेळ असणार, असं मी धरून चाललो होतो.

फोनशी दाजींचं कधीच जमलं नाही. ‘फोन कामासाठी असतो’ अशी चिठ्ठी त्यांनी शाळेत फोनवरच चिकटवली होती आणि घरीही ते तसेच वागले. आमच्याकडून घरी पोचले की फोन यायचा, “पोचलो. ठिवतो.” संपलं. बायकोला नुसतंच ‘कशी आहेस’ विचारायला फोन करणं तर त्यांना अजून लाजिरवाणं वाटतं.

शेवटी मीच वैतागलो. दीर्घ मुदतीची एक आवृत्ती स्वतः बसवली, जुना पंखा बदलला, इन्व्हर्टर जोडून दिला आणि ऐटीत सांगितलं, “दाजी, आता पाच वर्षं हात लावायचं काम नाही.” त्यांचा चेहरा उतरला. “पाच वर्षं हातच लावायचा न्हाय?”

सर्व्हर आठ महिने एकदाही बंद पडला नाही. शाबासकी घ्यायला म्हणून एका सकाळी मी ईटला गेलो, तर दाजी वाळलेले, दाढी वाढलेली. गोठा मात्र लख्ख. “चालतंय ना सगळं?” मी विचारलं.

“चालतंय की,” दाजी म्हणाले. “बंदच पडंना.”

“मग बरंच आहे. अक्काचा काही फोन?”

“कशाला करंल? शेळ्या दिसत्यात की तिला.”

माझी नजर दारावरच्या वंशावळीवर गेली. मी बसवलेल्या आवृत्तीखालची जागा कोरी होती. एकदम लक्षात आलं आणि मला माझ्या शहाणपणाचीच शरम वाटली. एक सिस्टिम पुसून दुसरी बसेपर्यंत वेबसाइट बंद राहायची, नातवंडांना भरवताना अक्काला शेळ्या दिसायच्या नाहीत, आणि ती पुण्याहून फोन करायची. ते अर्धे तास, पाऊण तास त्या बोलण्याचे होते. तिचं बोलणं ऐकून मलाही किती दिवस झाले होते! आपणही कधी फोन केला नाही, हेही तेव्हाच आठवलं.

मी आत गेलो. सर्व्हर बंद पडू न देण्याचा पगार घेणारा माणूस मी. पण मी तो चांगला चालता सर्व्हर सरळ बंद केला. “दाजी, ही काही खरी नाही. दुसरी बघू.” मोबाइल सदऱ्याला पुसून दाजींनी खिडकीत ठेवला आणि समोर बसून राहिले. मी चुलीवर ठेवलेला चहा होईपर्यंत तो वाजला.

“अहो, शेळ्या दिसंनात!” अक्काचा तो खणखणीत आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

“व्हय. काम काढलंय,” दाजी घसा साफ करत म्हणाले.

“किती वेळ लागंल?”

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी पाठ फिरवली.

“लई लागंल,” ते म्हणाले. “तू बोल.”