होय महाराजा, रेंज नाही

आमच्या घराण्याचा गावच्या देवळातला पहिल्या नारळाचा मान मी घाटकोपरला गॅलरीत उभी राहून घालवला.

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. एरवी मी पत्रकात लिहीत नाही असं फार थोडं आहे. माझे बाबा छापखान्यात कामाला आणि युनियनमध्ये पुढे, त्यामुळे घरात खाऊ कमी आणि पत्रकं जास्त असायची. लहानपणी मला दुपारी झोपवायचे तेसुद्धा न वाटलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर. (त्यातल्या बऱ्याचशा मागण्या अजून मान्य झालेल्या नाहीत. माझी झोप मात्र छान झाली.) पुढे मी शाळेत फळ्याखाली खडू पुरत नाहीत म्हणून पत्रक काढलं आणि बाबांनी ते स्वतः छापून आणलं. तेव्हापासून मला वाटतं की जगात जे काही वाकडं आहे ते मी एका पानात सरळ करू शकते.

आमची चाळ टेकडीच्या उतारावर आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीला खिडकी, मागच्या खोलीला टेकडी. मोबाइलची रेंज फक्त पुढच्या खिडकीच्या गजांपर्यंत येते आणि तिथून परत जाते. मागच्या खोलीत देव्हारा आहे, म्हणजे आमच्या देवालाही रेंज नाही.

गल्लीत इंटरनेट एकच, केबलवाल्या बाळ्याचं. दुसऱ्या कुठल्या कंपनीची वायर आली की ती रात्रीत तुटते, आणि सकाळी बाळ्याच सगळ्यात जास्त हळहळतो. अशा माणसाचं कनेक्शन घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. ‘गल्लीतली मक्तेदारी मोडा’ या मथळ्याचं पत्रक मी नळाजवळ चिकटवलं आणि घरात सिमकार्डाची हॉटस्पॉटची डबी आणली. ती साबणाच्या केसमध्ये घालून खिडकीच्या गजाला टांगली. स्वावलंबन झालं.

आणि मग बाबांचा गुडघा गेला.

बाबा दरवर्षी जत्रेला मालवणकडे जायचे. तिथे गावकार, म्हणजे गावाच्या वतीनं बोलणारा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि पहिला नारळ कोणाच्या घरचा, ते सगळ्यांसमोर विचारतो. आमचं घर. आजोबा इथे गिरणीत राबले, तिथे त्यांना नंबरानं हाक मारायचे. वर्षातून एकदा देवळात भरल्या गर्दीत त्यांचं नाव पहिलं घेतलं जायचं आणि ते म्हणायचे, “व्हय म्हाराजा.” नंतर बाबा म्हणू लागले. मालकांवरचा राग आणि देवावरचा जीव, बाबांचे दोन्ही एकाच आवाजात निघतात. ती हाक म्हणजे बाबांची खरी पेन्शन.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी प्रवास बंद केला. जबाब द्यायला कर्ता माणूस हजर नसेल तर मान दुसऱ्या घराकडे जातो, असा नियम. बाबांचे चुलत भाऊ, आबाकाका, गावातच असतात आणि त्यांचे गुडघे उत्तम आहेत. शेवटी मालूआत्यानं, म्हणजे बाबांच्या बहिणीनं, गावकऱ्यांशी भांडून तोड काढली: बाबा व्हिडिओ कॉलवरून जबाब देतील. गावकारानं बराच विचार करून निकाल दिला, “आवाज पोचलो म्हणजे माणूस पोचलो.”

बाबा म्हणाले, “पण मी देव्हाऱ्यासमोर बसून बोलतलंय. खिडकीत उभा राहून नाय.”

“बाबा, मागे रेंज नाही.”

“मग आण. वाटच्या माणसांसाठी पत्रकं काढतंस, बापासाठी रेंज आणूक नाय जमणा?”

हे ऐकल्यावर मी रिपीटर आणला. प्लगात खोचायचा, एका वायफायचं पुढे दुसरं करून देणारा. ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याला आधी द्यायचं, या लहानपणापासूनच्या शिकवणीनुसार मी तो थेट मागच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी लावला. लाल दिवा. बाबांनी त्यालाही हळदकुंकू लावलं. तरी लाल.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अगं, त्यालाच काही मिळत नाहीये, तो दुसऱ्याला काय वाढणार? त्याला जरा पंगतीजवळ आण.”

तिनं एक्स्टेन्शन बोर्ड ओढला आणि रिपीटर मधल्या दारावर, तोरणाच्या खिळ्याला टांगला. हिरवा दिवा. देव्हाऱ्यासमोर मालूआत्या झकास दिसली, तिची नथसुद्धा. आत्याच्या अंगणातला कोंबडा आरवला तो आमच्या मागच्या खोलीत ऐकू आला. बाबांनी डोळे पुसले, आणि तिथेच माझी वाट लागली.

कारण यश मला पचत नाही. इतकी चांगली गोष्ट फक्त आपल्याकडे असावी, हे मला खुपायला लागलं. मी वायफायचा पासवर्ड काढून टाकला आणि नळाजवळ दुसरं पत्रक लावलं: ‘शेजाऱ्यांनो, ज्ञानाला कुलूप नसावं. आमचं वायफाय सर्वांना खुलं आहे.’ बाबांना दाखवलं. त्यांनी एक वेलांटी सुधारली आणि म्हणाले, “शाबास.”

वाचून बाळ्या दारात आला. “ताई, जत्रेच्या दिवशी काकांचा फोन आहे ना? त्या दिवसापुरतं माझं घे. फुकट. नंतर काढून टाक, मी काय बोलणार नाय.”

“उपकार नकोत,” मी म्हणाले.

“उपकार नाय गं, काका माझ्या बापाचे दोस्त.”

“मक्तेदार असंच बोलतात.”

तो गेला. ते वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं होतं. आज आठवलं की मी उशीत तोंड घालते.

जत्रेचा दिवस रविवारचा. बाबा नवं धोतर नेसून मागच्या खोलीत बसले. समई लागली, फोन पाटावर. मालूआत्यानं देवळातली गर्दी दाखवली. आबाकाका पहिल्या रांगेत, पांढरी टोपी घालून, हात जोडून. गावकारानं गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा…” आणि तिकडची गर्दी, इकडचे बाबा, एकदम: “व्हय म्हाराजा!”

मग आत्याचं नाक थांबलं. म्हणजे सगळीच थांबली, पण पडद्यावर तिचं नाकच होतं. आवाज तुटक येत राहिला.

मी खिडकीकडे धावले. पासवर्ड परत लावायचा तर त्या डबीला माझा फोन जोडायला हवा. जोडला जाईना. एका वेळी ठरावीकच फोन घेते ती डबी, आणि त्या सगळ्या जागा चाळीनं भरल्या होत्या. माझ्या स्वतःच्या वायफायमध्ये मला उभं राहायला जागा नव्हती.

मी गॅलरीत आले. शेजारच्या डिमेलो आँटी खुर्चीत बसून वसईच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होत्या. पलीकडे परबांचा जावई काहीतरी डाउनलोड करत होता आणि चेहऱ्यावरून ते बरंच मोठं होतं.

“आँटी, पाच मिनिटं बंद करा ना. बाबांचा देवळातला फोन आहे.”

“तूच लिवलंस ना गं बाय, कुलूप नाय म्हणून?”

“लिहिलं, पण…”

“पण कुठं लिवलंस? पण तर दिसला नाय मला.”

जावई म्हणाला, “ताई, नव्वद टक्के झालंय. आता बंद केलं तर गरिबाचं नुकसान.”

शेवटी मी गॅलरीत भाषण केलं. खरंच चांगलं झालं ते. सामूहिक साधनांवर सामूहिक शिस्त, वगैरे. आँटींनी मला गप्प करण्यासाठी फोन बंद केला, जावयानं लाजेनं, बाकीच्यांनी आँटींना बघून. मी विजयी मुद्रेनं घरात परतले.

मधल्या काळात मागच्या खोलीत काय झालं ते आईनं सांगितलं. गावकारानं विचारलं होतं, “पयलो नारळ ह्या घरचो, मान घेतास काय?” बाबा म्हणाले, “व्हय म्हाराजा.” तिकडे शांतता. बाबा पुन्हा म्हणाले. पुन्हा शांतता. मग मोर्च्यातल्या आवाजात. ते सगळे होकार आमच्या मधल्या दारावर, तोरणाच्या खिळ्यापाशी अडकून बसले होते.

तिकडे गावकार थांबला, थांबला, आणि त्यानं पुढचा प्रश्न विचारला, “मगे मान आबाच्या घराक देवचो काय?”

नेमकं तेव्हाच माझं भाषण संपलं होतं. रस्ता मोकळा झाला. आणि भर देवळात, आत्याच्या हातातल्या फोनमधून, बाबांचा खणखणीत आवाज एकामागून एक पोचला: व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा.

मी खोलीत पाय ठेवला तेव्हा आत्याचं नाक हलायला लागलं होतं आणि ती रडत होती. “दादा, ह्यां काय बोललस रे?”

आबाकाका गोंधळून इकडेतिकडे बघत होते. त्यांनी नारळ हातात घ्यायलाही वेळ लावला.

“बाबा, सांगा त्यांना,” मी म्हणाले. “आवाज उशिरा गेला. टेक्निकल आहे हे.”

बाबांनी समईची वात सारखी केली. “आवाज माझो होतो की नाय?”

“होता, पण…”

“आवाज पोचलो म्हणजे माणूस पोचलो, असा ठरला ना? आता माका नको ता इला म्हणून शब्द फिरवू? असली माणसा आपल्या पत्रकात कोण असतत, तूच सांग.”

त्यांना असं बोलायला पत्रकांनी शिकवलं आणि मला पत्रकं त्यांनी. आबाकाकांनी नारळाचं अर्धं खोबरं मुंबईला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवलं. बाबांनी ते देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि नंतर बराच वेळ एकच तुकडा चघळत राहिले.

मी बाळ्याचं कनेक्शन घेतलं. तो वायर ओढायला आला तेव्हा ती माझ्या दोन्ही पत्रकांच्या मधून गेली. जरासुद्धा हसला नाही तो. हसला असता तर बरं झालं असतं.

यंदा जत्रेला बाबा पुन्हा नवं धोतर नेसून बसले, गर्दीतले एक म्हणून. चित्र इतकं स्वच्छ की आबाकाकांच्या टोपीचा डाग दिसत होता. नारळ फुटला तो आवाजही कसा, आमच्या ओट्यावर फुटल्यासारखा. बाबा हात जोडून बघत होते. मी त्यांच्या मागे उभी होते, हातात काहीच काम नसताना.

गावकार शेवटचं म्हणाला, “मुंबैक जी लेकरा आसत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा.”

बाबा मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

हा मात्र ताबडतोब पोचला.