भात होऊ दे

"चूल पेटवली तिनं. आता नाई सुटत नाव," मागून कोणीतरी पुटपुटलं.

वैनगंगेच्या घाटावर त्या नावाड्याच्या बायकोची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. वारा उठला की ती नावेतल्या मातीच्या चुलीवर भात टाकायची. नवरा विचारायचा, "सोडू का?" ती धुराकडे पाहून म्हणायची, "भात होऊ दे." बायकोचं ऐकतो म्हणून लोक त्याला चिडवत. तो हसायचा. "नाव मी चालवतो. वारा तिले समजते."

त्या दिवशी पलीकडच्या शाळेत बारा वाजता माझी मुलाखत होती. साडेअकरा झाले. माझ्या हातातलं पत्र पाहून एकजण म्हणाला, "काऊन थांबता भाऊ? मॅडमची नोकरी जाईन ना."

नावाडी पहिल्यांदाच अडखळला. त्यानं बायकोऐवजी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यानं नाव सोडली असती. तिनं झाकण उचलून शीत दाबून पाहिलं. धूर अजून वाऱ्यानं आडवाच पळत होता. तिनं एक थाळी जास्तीची काढली.

इंग्रजी शाळेत गेल्यापासून घाटावरची ही बोली माझ्या तोंडून कधी निघत नसे.

"मलेबी वाढा, बाई," मी म्हणाले.